घरचं कार्ड

काष्टी,
९ मार्च २०२५

ती. सुमंतकाकांना सुमेधाचा साष्टांग नमस्कार.

तेराव्यानंतर राहुरीला परत निघताना तुम्ही म्हणालात, "फोनवर आवाज नीट येत नाही, काही असलं तर पत्र टाक." तेव्हा मनात आलं होतं, मी कसली पत्रं लिहिते. पण एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती विचारावी असं तुमच्याशिवाय आता घरात मोठं कुणी नाही.

मी शाळेत जायला लागले. वर्गातली मुलं पहिले दोन दिवस माझ्यासमोर अगदी शहाण्यासारखी बसली, आता पुन्हा गोंधळ घालतात. तेच बरं वाटतं. मैत्रेयी अंगणवाडीत रमते. घरी आली की विचारते, "बाबा कुठल्या लग्नाला गेलाय?" मी कुठल्या तरी गावाचं नाव सांगते.

काल शनिवारच्या बाजाराला रामहरी आला होता. अवधूतने शेवटचं शूटिंग केलं ते त्याच्या मुलीच्या, मोनिकाच्या, लग्नाचं. तिथून परत येतानाच संध्याकाळी ती विनादिव्याची उसाची ट्रॉली आडवी आली. रामहरी दारातच उभा राहिला. म्हणाला, "ताई, आमाला घाई न्हाई. पर मोनिकाच्या सासरी सगळी इचारत्यात, शूटिंग कवा बघायची म्हनून. तुमी म्हनाल तवा." आणि मग स्वतःच रडायला लागला. "जेवून जा म्हनलो हुतो ओ त्याला. थांबलाच न्हाई."

फिल्म श्रीगोंद्याचा ज्ञानेश्वर करून देणार आहे. तोही त्या लग्नात दुसरा कॅमेरा घेऊन होता. अडचण अशी आहे की शेवटी शेवटी अवधूतची कार्डं भरली, तेव्हा त्याने खिशातलं आमचं घरचं कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि मोनिकाची पाठवणी त्याच्यावर घेतली.

घरचं कार्ड म्हणजे काय ते सांगते. आमच्या दोघांच्या फोनमधली जागा सारखी भरायची. मग अवधूत सगळं उचलून त्या एका मेमरी कार्डावर टाकायचा आणि फोन मोकळे करायचा. मैत्रेयीचा जन्म, बारसं, पहिलं पाऊल, सगळं तिथे. लॅपटॉपवर दुसरी प्रत काढायची होती, पण लग्नसराई संपू दे, पावसाळ्यात निवांत करू, असं चाललं होतं. लॅपटॉप, कॅमेरा, फोन काहीच वाचलं नाही. कार्डांची डबी तेवढी वाचली.

कॅमेरा कायम त्याच्याच हातात, त्यामुळे तो स्वतः कुठे फारसा दिसत नाही. पण मागून त्याचं बोलणं सगळ्यांत आहे. एरवी मला शाळेत फोनवर ऐकता येत नाही म्हणून निरोपसुद्धा तो लिहूनच पाठवायचा. आणि गावोगावच्या लग्नांच्या फिल्ममध्ये त्याने स्वतःचा आवाज काढून वर गाणी टाकलेली, त्यांच्या धंद्याची रीतच ती. म्हणजे काका, अवधूतचा आवाज आता त्या एका कार्डात आहे, दुसरीकडे कुठेच नाही.

मी अजून ते लावून बघितलेलं नाही. धाडस होत नाही. पण मैत्रेयी साडेतीन वर्षांची आहे, ती विसरणार. ती विसरायच्या आत मन घट्ट करून तिला ते ऐकवायचं आहे, म्हणजे बाबाचा आवाज तिच्या कानात राहील. मला दुसरं काही नको.

कार्ड ज्ञानेश्वरला द्यायची भीती वाटते. न द्यावं, तर रामहरीच्या पोरीची पाठवणी जाते. आधी शाळेच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ का? तुम्ही विद्यापीठात आयुष्यभर हेच काम केलंत. सांगाल तसं करते.

तुमची,
सुमेधा


राहुरी,
१५ मार्च २०२५

चि. सुमेधास अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी काय लिहावं यावर पेन अडलं. लग्न होऊन आलीस तेव्हापासून 'चि. सौ.' लिहीत आलो. रिवाजाने आता जे लिहायचं ते माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. तेव्हा नुसतं चिरंजीव. ज्याला खटकेल त्याने पाकीट फोडू नये.

आता तुझं काम. मुळीच घाबरू नकोस. आमच्या संगणक विभागात मी मोठी फ्लॉपी हाताळली, छोटी हाताळली, टेपची कार्ट्रिज हाताळली, सीडी तर पोत्याने. प्रत्येकीची एक खोड असते. पण बनवणाऱ्याने कुलूप मात्र दिलेलं असतं. मोठ्या फ्लॉपीच्या कडेला खाच असायची, तिच्यावर चिकटपट्टी लावली की आतलं पुसायची कुणाची टाप नव्हती. छोटीच्या कोपऱ्यात बारीक खिडकी, ती उघडी ठेवायची. अवधूत आठवीत माझ्याकडे शिकायला आला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा हेच शिकवलं. मोठीची खाच बुजवली की कुलूप, छोटीची खिडकी उघडली की कुलूप. तो म्हणाला, "काका, हे बनवणारे एकमेकांशी बोलत नव्हते का?" म्हटलं, ते चुलीत जाऊ देत, तू लक्षात ठेव. त्याने ठेवलं. भिक्षुकाचा मुलगा, मंगलाष्टकं म्हणायची सोडून त्याच मांडवात कॅमेरा घेऊन उभा राहायला लागला, त्याचं खापर तुझ्या सासऱ्यांनी शेवटपर्यंत माझ्या फ्लॉप्यांवर फोडलं.

तुझ्या कार्डाच्या डाव्या कडेला तशीच बारीक पट्टी दिसेल. शेजारी लॉक असं लिहिलेलं असतं. नखाने ती खाली सरकव. झालं. मग वाचता येईल, पुसता येणार नाही.

शाळेच्या कॉम्प्युटरला मात्र कार्ड लावू नकोस. गावभरच्या पोरांचे पेनड्राइव्ह त्यात जाऊन आलेले असतात. एकदा एका विद्यार्थ्याच्या फ्लॉपीतून आमच्याकडे व्हायरस शिरला आणि पावसाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी धुऊन गेल्या. अवधूतच्या आवाजावर ती वेळ यायला नको. मला पोस्टाने पाठवायचाही विचार करू नकोस, एवढीशी वस्तू, पाकिटातून कुठे गळून पडेल पत्ता लागायचा नाही.

आणि आत घरचं काही आहे हे ज्ञानेश्वरला सांगू नकोस. मुलगा चांगला असेल, पण सांगितलं की माणूस उघडून बघतोच. पट्टी सरकव, कार्ड दे, काम झालं की परत घे. लेकीची पाठवणी अडवून ठेवू नये. प्रत मी आलो की माझ्या हाताने काढून देईन.

मैत्रेयीला पापा. जेवत जा.

तुझा,
सुमंतकाका


राहुरी,
२० एप्रिल २०२५

चि. सुमेधास आशीर्वाद.

महिना झाला, तुझं पत्र नाही. कदाचित येऊनही परत गेलं असेल. इथे पोस्टमन दार वाजवून निघून जातो आणि मी आतच बसलेला असतो. बेल बिघडली आहे, दुरुस्तीला माणूस मिळत नाही.

परवा कपाट आवरताना जुन्या फ्लॉप्यांचा डबा निघाला. बहुतेकींना बुरशी आली आहे, आणि न आलेल्या घालायला यंत्र कुणाकडे राहिलंय? तरी टाकवत नाहीत. तुला हसू येईल, पण त्या एका फ्लॉपीत अवधूतचं धड एक मिनिटाचं बोलणंही मावलं नसतं. मावत नव्हतं म्हणून तर आम्ही काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा विचार करायचो. वर चिठ्ठी चिकटवून नाव लिहायचो. पुसायची झाली तर ती करकर करकर करत दोन मिनिटं घ्यायची, सगळ्या खोलीला कळायचं की काहीतरी पुसलं जातंय. चूक लक्षात आली तर ओढून बाहेर काढता यायची. ही तुमची कार्डं म्हणजे पोतंभर मावतं म्हणून पोतंभर भरत राहायचं, आणि पुसायला निमिषभर पुरतं. आवाज नाही, काही नाही.

असो. म्हाताऱ्याची टकळी सुरू झाली की थांबत नाही. पट्टी सरकवलीस ना? ज्ञानेश्वरकडून कार्ड परत आलं का? दोन ओळी टाक. मैत्रेयीला ऐकवलंस तर तेही लिही, ती काय म्हणाली ते लिही.

तुझा,
सुमंतकाका


काष्टी,
११ मे २०२५

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पोस्टमनचा काही दोष नाही. मीच लिहायला बसत होते आणि कागद फाडत होते.

काका, कार्ड रिकामं आलं.

अक्षय तृतीयेला पान वाढलं, आणि वाटलं आज ऐकवावं. शेजारच्या बाईंचा लॅपटॉप मागून आणला. मैत्रेयीला मांडीवर घेतलं, तिला सांगितलं की आता बाबा बोलणार. कार्ड लावलं तर आत काही नव्हतं. मला वाटलं मलाच जमत नाही. बाईंच्या मुलीने बघितलं, तिलाही काही दिसलं नाही. मैत्रेयी थोडा वेळ बसली आणि मग खेळायला पळाली.

दुसऱ्या दिवशी श्रीगोंद्याला गेले. ज्ञानेश्वरला आधी कळेचना मी काय विचारते आहे. त्याने कॅमेऱ्याने घेतलेलं तेवढं लग्न उतरवून घेतलं होतं आणि मग नेहमीसारखं कार्ड फॉरमॅट केलं होतं. मध्ये एका साखरपुड्यात त्याचं कार्ड कमी पडलं, तिथेही हेच वापरलं, आणि परत देताना पुन्हा मोकळं केलं. म्हणाला, "वहिनी, दुसऱ्याचं कार्ड मोकळं करूनच द्यायचं असतंय. भरल्यालं दिलं तर पुढचा मानूस ऐन मुहूर्ताला अडकतो. अवधूतदादानीच शिकवलं हुतं मला ह्ये." आत आमचं घर होतं म्हटल्यावर तो खाली बसला. डोकं धरून बसला.

मोनिकाच्या लग्नाचं उतरवलेलंही फिल्म झाल्यावर त्याने काढून टाकलं होतं, जागा करायला. फिल्म मात्र मी रामहरीकडे जाऊन बघितली. पाठवणीत सगळे रडताहेत, मोनिका गाडीत बसता बसता एकदम मान वर करून कॅमेऱ्याकडे बघते. अवधूतने मागून तिला काहीतरी सांगितलं असणार, त्याशिवाय ती अशी बघणार नाही. त्याच्यावर सनई टाकलेली आहे.

चूक माझी आहे, काका. पट्टी सरकवायची राहून गेली. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलं होतं, आणि कार्ड देताना गडबडीत मी विसरले.

सुमेधा


राहुरी,
१७ मे २०२५

चि. सुमेधा,

पत्र वाचलं.

एक पट्टी सरकवायची होती. नखाने. आणखी काही करायला सांगितलं नव्हतं. तू शिक्षिका आहेस, मुलांनी बेरजेत हातचा सोडला तर तू त्यांना उभं करतेस. आणि घरातली एकुलती एक गोष्ट दुसऱ्याच्या हातात देताना तुला एवढं आठवू नये? गडबड कसली होती? कोण मागे लागलं होतं? मला समजत नाही.

माझ्याच्याने जास्त लिहवत नाही. कार्ड कशातही घालू नकोस, कुणाला दाखवू नकोस. पुसलेलं सगळंच लगेच जात नाही, वरून नवीन लिहिलं तरच जातं. नगरला अशी कामं करणारं एक दुकान आहे. रामहरी बियाणं घ्यायला विद्यापीठात येणार असेल तर त्याच्या हाती दे. जसं आहे तसं दे, जराही हात न लावता.

सुमंतकाका


काष्टी,
२ जून २०२५

ती. काकांना नमस्कार.

रामहरीबरोबर कार्ड पाठवते आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे जसं परत आलं तसंच डबीत आहे. तुम्ही लिहिलंत त्यात काही चुकीचं नाही.

सोबत शेवग्याच्या शेंगा आहेत. काकूंसारखी आमटी मला जमत नाही, तुम्हीच करून खा.

सुमेधा


राहुरी,
२८ जून २०२५

चि. सुमेधा,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं, आता कसंही होवो, टाकणार आहे.

गेल्या आठवड्यात डबी घेऊन नगरला गेलो. दुकानात कार्ड बाहेर काढलं तर पट्टी खाली होती. मला वाटलं माझी नजर. चष्मा पुसून पाहिलं. खालीच. कुलूप लावलेलं. दुकानदाराला म्हटलं, अहो, लॉक असताना पुसलं कसं गेलं? त्याने माझ्याकडे बघितलं, आणि कार्डात नख घालून आतून आणखी एक कार्ड ओढून काढलं. करंगळीच्या नखाएवढं, काळं. त्याला ना पट्टी, ना खाच, ना नाव लिहायला जागा. माझ्या हातात राहिली ती नुसती खोळ. तिच्यावर अवधूतच्या अक्षरात 'घर' लिहिलं आहे, आणि कुलूप तिला आहे. आतलं कार्ड काढून कुठल्याही यंत्रात घाला, त्या पट्टीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मी इतकी वर्षं संगणकात घालवली आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी तुला फ्लॉपीची अक्कल शिकवली. शाळेत उतरवून घेते म्हणालीस तर व्हायरसची भीती घातली. ज्ञानेश्वरला सांगू नको म्हटलं. सांगितलं असतंस तर त्या पोराने जिवापाड जपलं असतं. अवधूतचा आवाज मी घालवला. तू सांगितल्याप्रमाणे सगळं केलंस, आणि वर मला वाचवायला म्हणून विसरले म्हणालीस. आणि मी तुला ते पत्र लिहिलं. ते पत्र जवळ असेल तर जाळून टाक.

आता मीही एक सांगतो. दुकानदाराने हे सगळं मला कागदावर लिहून दाखवलं. मला ऐकू येत नाही, सुमेधा. बेल बिघडलेली नाही. फोनही चांगला आहे. दोन वर्षांपासून कमी होत होतं, आता टाळी वाजवली तरी कळत नाही. तेराव्याला तुम्ही सगळे काय बोलत होता त्यातलं काही मला कळलं नाही, मी माना डोलावत होतो. अवधूत दर रविवारी फोन करायचा. मी आपलं 'हो हो, बरं आहे, जेवलो' एवढं म्हणायचो. त्याला सांगितलं असतं तर त्याने धरून नगरला नेलं असतं, कानाला यंत्र लावलं असतं. मला म्हातारा दिसायचं नव्हतं. शेवटच्या वर्षभरात दर रविवारी तो माझ्याशी काय बोलला ते मला माहीत नाही. त्याचा आवाज माझ्या कानावर पडत होता आणि मला तो मिळाला नाही.

माझ्यासाठी यापुढे खोटं बोलायचं नाही. चांगलं असो, वाईट असो, असेल ते जसंच्या तसं लिहायचं. नाहीतर मला माणसांचं कळायला दुसरा रस्ता राहिलेला नाही.

दुकानदाराने आशा दाखवली नाही. साखरपुडा वरून लिहिला गेला आहे. पण त्याच्या ओळखीचा पुण्यात एक जण आहे, त्याच्याकडे पाठवतो म्हणाला. वेळ लागेल.

तुझा,
सुमंतकाका


काष्टी,
१३ जुलै २०२५

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

जसंच्या तसं लिहायला सांगितलंत, म्हणून लिहिते. खोळीचं मला ज्ञानेश्वरने त्याच दिवशी दाखवलं होतं, तो आतलं कार्डच काढून वापरत होता. परत येताना एस.टी.त मी तुमच्यावर फार रागावले होते. दोन-चार दिवस तो राग गेला नाही. तुम्हाला काय काय लिहायचं ते मनात जुळवत होते. फाडलेले कागद त्याचेच होते.

मग माझ्या मनात आलं, अवधूतच्या लहानपणाबद्दल बोलायला आता तुम्हीच आहात, आणि तुम्ही बोलता ते सगळं त्या फ्लॉप्यांपासून सुरू होतं. त्याला मी शिकवलं, हे म्हणताना तुमचा चेहरा कसा होतो ते मी बघितलेलं आहे. ते मला मोडायचं नव्हतं. राग गेला म्हणून खोटं बोलले असं नाही, राग असतानाच बोलले.

तुमचं मे महिन्यातलं पत्र जाळलं नाही. वाचताना वाईट वाटलं, पण त्याच्यासाठी माझ्याइतकं कुणी तळमळतंय हेही त्यातच दिसलं.

रविवारी तो तुमच्याशी काय बोलायचा ते मी सांगू शकते, मी तिथेच असायचे. पाऊस, मैत्रेयीचे दात, कुठल्या लग्नात काय जेवण होतं. एकदा फोन ठेवून मला म्हणाला, काका आजकाल वाद घालत नाहीत, मऊ झालेत. त्याला बरं वाटलं होतं.

मैत्रेयी मोठी होते आहे. बाबा कुठल्या लग्नाला गेलाय हे विचारणं तिने बंद केलं आहे. मीही आठवण करून देत नाही, पुण्याहून काय येतं ते बघू म्हणते.

कानाला यंत्र लावून घ्या. मी सुट्टी काढून येते, दोघी नेऊ तुम्हाला नगरला.

सुमेधा


राहुरी,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सुमेधास अनेक आशीर्वाद.

कानाच्या यंत्रासाठी मी एकटाच जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, आता त्याचा उपयोग थोडा. तरी लावतो. त्यातून ट्रक जाताना कळतो, माणूस बोलताना कळत नाही.

पुण्याहून आलं. सगळं नाही. जवळजवळ काहीच नाही. जन्म गेला, बारसं गेलं, पहिलं पाऊल गेलं. बारीकसारीक तुकडे निघाले, ते उघडत नाहीत. एकच तुकडा उघडतो, तो काही सेकंदांचा आहे. दुकानदाराने मला पडद्यावर लावून दाखवला. तुमच्या स्वयंपाकघराची भिंत दिसते, फडताळाची कड, गॅसच्या शेगडीचा एक कोपरा. माणूस कुणी नाही. अवधूत फोन हातात धरून दुसरंच काही करत असावा. मग चित्र फुटतं आणि संपतं.

मी विचारलं, आवाज आहे का? दुकानदार हसून होकारार्थी मान डोलवायला लागला, आणि तो काय ऐकू आलं ते लिहून द्यायला कागद ओढणार इतक्यात मी त्याचा हात धरला. म्हटलं, नको. अवधूतचं बोलणं परक्या माणसाच्या अक्षरात मला वाचायचं नाही. ते आधी तू ऐक, मैत्रेयीला ऐकव, आणि मग मला लिही. मी फक्त स्पीकरवर बोटं टेकवली आणि त्याला पुन्हा लावायला सांगितलं. बोटांना बारीक थरथर लागली. आहे काहीतरी. चार-पाच वेळा लावायला लावलं, गिऱ्हाइकं खोळंबली तरी तो माणूस काही म्हणाला नाही.

पेनड्राइव्ह रामहरीच्या हाती देतो आहे. त्याच्यावर तो तुकडा आहे. एक प्रत दुकानदाराकडे आहे, एक माझ्याकडे, एक पुण्याला. या वेळी मी कसलं कुलूपबिलूप सांगत नाही. तुला जिथे जिथे उतरवता येईल तिथे उतरव, शाळेच्या कॉम्प्युटरवरसुद्धा.

तो काय म्हणतो ते मला शब्दाला शब्द लिही. आणि ऐकून मैत्रेयी काय म्हणाली तेही. मी वाट बघतो.

तुझा,
सुमंतकाका


काष्टी,
३० नोव्हेंबर २०२५

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

पेनड्राइव्ह मिळाला. आठवडाभर हात लावला नाही, आज सकाळी लावला. मैत्रेयीला उठवायच्या आधी मी एकटीने ऐकला.

शब्दाला शब्द लिहिते. अवधूत म्हणतो, "अगं सुमे, दूध उतू जातंय बघ. राहू दे, राहू दे, मी..." आणि तिथे तुटतं. त्याने गॅस बंद केला असणार. आमच्याकडे दूध नेहमीच उतू जायचं, त्यामुळे हा कुठला दिवस ते मला सांगता येत नाही. मी खूप आठवून बघितलं. आवाज अगदी त्याचा आहे, सर्दी झाल्यासारखा, थोडा घाईत. 'बघ' म्हणताना तो शेवटी सूर वर न्यायचा, तसाच नेला आहे. मी किती वेळा लावला मला माहीत नाही. इतके महिने मी त्याचा आवाज मनात आणायचा प्रयत्न करत होते, तो मी जरा चुकीचाच आणत होते असं लक्षात आलं. माझ्या मनातला जरा जाड होता.

मग मैत्रेयी उठून आली. तिला मी आधी काही सांगितलं नाही. अक्षय तृतीयेला सांगितलं होतं आणि काहीच निघालं नव्हतं, म्हणून या वेळी नको म्हटलं. तिला मांडीवर घेऊन लावला. ती पडद्याकडे बघत होती. आपली भिंत आहे हे तिने ओळखलं, फडताळ ओळखलं. तिथली बरणी दाखवली. मी वाट बघत होते. मी पुन्हा लावला.

मग तिने विचारलं, "आई, हे कोणते काका बोलतायत?"

मी म्हटलं, "बाबा."

ती म्हणाली, "कुणाचे बाबा?"

तिने वळून माझ्या तोंडाकडे बघितलं, माझे डोळे आपल्या फ्रॉकने पुसले. मग पुन्हा पडद्याकडे बघितलं, आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "हां, आलं लक्षात." तिला आलेलं नव्हतं, काका.

तुमची,
सुमेधा